नहपान राजाचें कोडें



नाशिकहून मुंबईच्या वाटेला लागलें कीं शहरापासून सुमारें आठ किलोमीटरवर शंकूच्या आकाराचा एक डोंगर दिसतो. त्याच्या मध्यावर २४ लेण्यांची एक रांग आहे. लोक त्यांना पांडवलेणीं म्हणतात. मी लहानपणीं आजीबरोबर प्रथम तेथें गेलों. तिसऱ्या लेण्याच्या दाराशीं खडकांतून अर्धवट वर आलेले सहा धिप्पाड पुरुष आहेत. त्यांनीं साऱ्या ओसरीचा भार खांद्यांवर तोलून धरला आहे. त्यांच्याकडे बोट करून आजी म्हणाली, "बघ रे, हे भीमाचे खांदे. एका रात्रींत कोरलें हें सारें. कोंबडा आरवला आणि पांडव उठून गेले." मला तें पूर्णपणें पटलें. भीमावांचून एवढा खडक कोण फोडणार?

महाराष्ट्रांतील कित्येक लेण्यांविषयीं अशीच गोष्ट सांगतात. ती खोटी आहे हें सांगण्यासाठीं मी आज आलेलों नाहीं. तें आपणां सर्वांस ठाऊकच आहे. मला सांगावयाचें आहे तें निराळेंच. या डोंगराला जसें एक काल्पनिक रहस्य आहे, तसें एक खरेंहि आहे. काल्पनिक रहस्याचें उत्तर आपल्यापाशीं पूर्वींपासून तयार होतें, म्हणून शेंकडों वर्षें कोणी प्रश्नच विचारला नाहीं. खरें रहस्य मात्र त्याच भिंतींवर ठळक अक्षरांत कोरलेलें होतें, आणि तें वाचतां येऊं लागल्यावर अधिकच गहन झालें.

त्या भिंतींवरील लिपी ब्राह्मी आणि भाषा प्राकृत. इ. स. १८३७ च्या सुमारास जेम्स प्रिन्सेप यानें ब्राह्मीचा उलगडा केला आणि हीं मुकीं अक्षरें बोलूं लागलीं. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनीं १८७४ सालच्या लंडन येथील प्राच्यविद्या परिषदेसाठीं नाशिकच्या या लेखांवरच निबंध लिहिला. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं ते लेख पुन्हां तपासले, आणि पुढें विसाव्या शतकाच्या आरंभीं एमिल सेनार या फ्रेंच पंडितानें त्यांची शुद्ध वाचनें छापून काढलीं. डोंगराचें जुनें नांव त्रिरश्मि. लेखांत तें 'तिरण्हु' असें येतें. या लेखांत पांडवांचें घर कोठेंच नाहीं. त्यांत आहेत भिक्षु, कोष्टी, व्यापारी, अमात्य, राण्या आणि एकमेकांचे हाडवैरी असे दोन राजे.

यांतील पहिल्या राजाचें नांव नहपान. हा क्षहरात कुळांतील शक क्षत्रप. त्याचा जांवई उषवदात, म्हणजे संस्कृतांतील ऋषभदत्त. हा दीनीकाचा पुत्र आणि नहपानाची कन्या दक्षमित्रा हिचा पति. दहावें लेणें या उषवदाताचें. तेथें त्यानें आपल्या दानधर्माची जी यादी कोरून ठेविली आहे, ती वाचतांना माणूस थक्क होतो. तीन लक्ष गाईंचें दान. देवांना आणि ब्राह्मणांना सोळा गांवें. भरुकच्छ म्हणजे भडोच, दशपूर म्हणजे मंदसोर, गोवर्धन आणि शूर्पारक म्हणजे सोपारा या ठिकाणीं धर्मशाळा. दमण, तापी, डहाणू अशा नद्यांवर फुकट नावा. नारळाचीं आठ हजार रोपें. प्रभासक्षेत्रीं तर त्यानें ब्राह्मणांना आठ भार्या दिल्या, म्हणजे त्यांचीं लग्नें स्वखर्चानें लावून दिलीं. परकीय कुळांतील हा सेनानी पुष्करतीर्थांत स्नान करतो, ब्राह्मणांना गाई देतो, आणि त्याच हातानें बौद्ध भिक्षूंसाठीं डोंगर कोरवितो.

या यादींतील एक कलम मला सर्वांत मोलाचें वाटतें. ४२ व्या वर्षीं, वैशाख महिन्यांत, उषवदातानें हें लेणें संघाला अर्पण केलें आणि भिक्षूंच्या निर्वाहासाठीं तीन हजार कार्षापण कायमचे ठेवले. हा पैसा त्यानें कोठें ठेवावा? गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या दोन श्रेणींकडे! नाशिकच्या पश्चिमेस गोदाकांठीं आजहि गोवर्धन नांवाचें गांव आहे. एका श्रेणीकडे दोन हजार, दरमहा शेंकडा एक व्याजानें. दुसरीकडे एक हजार, दरमहा शेंकडा पाऊण व्याजानें. मुद्दल परत द्यावयाचें नाहीं, केवळ व्याज वापरावयाचें. पहिल्या रकमेच्या व्याजांतून वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकीं बारा कार्षापण चीवरासाठीं द्यावयाचे. आपण हिशेब करून पाहा: दोन हजारांवर महिन्याला वीस, म्हणजे वर्षाला दोनशें चाळीस, आणि वीस भिक्षूंना बारांप्रमाणें बरोबर दोनशें चाळीसच होतात. पैचीहि चूक नाहीं. हा व्यवहार निगमसभेंत वाचून दाखविला आणि रीतीप्रमाणें फलकावर नोंदला, असेंहि लेख सांगतो. ज्या गांवांत कोष्ट्यांच्या संस्था राजाच्या जांवयाचा पैसा ठेवीदाखल घेत होत्या, तें गांव पांडवांच्या गोष्टींत आपण हरवून बसलों होतों.

आतां तिसऱ्या लेण्याकडे, माझ्या आजीच्या भीमाकडे, वळूं. हें लेणें एका आईचें आहे. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णि याची माता गौतमी बलश्री हिनें आपल्या नातवाच्या, वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या, १९ व्या वर्षीं तें दान केलें. या लेखांत ती आपल्या मुलाचें गुणगान करते. त्याच्या घोड्यांनीं तीन समुद्रांचें पाणी प्यालें होतें. त्यानें शक, यवन आणि पल्हव यांचा नाश केला. आणि खखरात वंश त्यानें निःशेष केला. खखरात म्हणजेच क्षहरात, अर्थात् नहपानाचें कूळ. ज्या डोंगरांत नहपानाच्या जांवयानें लेणें कोरलें, त्याच डोंगरांत, थोड्या अंतरावर, त्याच धर्तीचें लेणें कोरून या वृद्ध राजमातेनें लिहून ठेविलें कीं, ते लोक आतां उरले नाहींत.

याच लेण्यांत गौतमीपुत्राची स्वतःची एक आज्ञा आहे, १८ व्या वर्षाची. बेणाकटक येथील विजयी छावणींतून तो गोवर्धनच्या विष्णुपालित नांवाच्या अमात्यास कळवितो कीं, आजवर उषवदाताच्या उपभोगांत असलेलें दोनशें निवर्तनांचें शेत भिक्षूंना द्यावें. पुढें २४ व्या वर्षीं दुसरी आज्ञा निघाली: त्या गांवीं वस्ती नाहीं, शेत कोणी कसत नाहीं, म्हणून त्याऐवजीं नगराच्या सीमेवरील सरकारी जमिनींतून शंभर निवर्तनें द्यावीं. जिंकलेल्याच्या पोवाड्यांत न सांगितलेली गोष्ट या रुक्ष कागदी भाषेंत उतरली आहे. लढाई होऊन राज्य बदललें आणि एक शेत ओसाड पडलें.

तरीहि एक शंका राहते. आई मुलाचें कौतुक करणारच. वंश निःशेष केला, ही स्तुति कीं इतिहास? भिंत स्वतःची साक्ष स्वतः देऊं शकत नाहीं. दुसरा साक्षीदार हवा होता, आणि तो १९०६ सालीं सांपडला.

नाशिक जिल्ह्यांत गोदावरीच्या परिसरांत जोगलटेंभी नांवाचें गांव आहे. तेथें चांदीच्या नाण्यांचा एक मोठा सांठा उघडकीस आला. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनीं त्याचा अभ्यास करून मुंबईच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकांत त्याची हकीकत प्रसिद्ध केली. नाणीं तेरा हजारांहून अधिक होतीं, आणि सारींच्या सारीं नहपानाचीं. प्रत्येक नाणें लहानसें, वजनानें दोन ग्रॅमपेक्षां थोडें अधिक. एका बाजूस राजाचें डोकें आणि त्याभोंवतीं ग्रीक अक्षरें. दुसऱ्या बाजूस बाण आणि वज्र, व ब्राह्मी आणि खरोष्ठी या दोन लिपींत 'राजा क्षहरात नहपान याचें' असा मजकूर. ग्रीक अक्षरें आहेत, पण भाषा ग्रीक नाहीं. तोच प्राकृत मजकूर ग्रीक अक्षरांत उतरविण्याचा तो प्रयत्न आहे.

परंतु खरी गंमत पुढेंच आहे. या नाण्यांपैकीं दोन-तृतीयांशांहून अधिक नाण्यांवर दुसरा ठसा मारलेला आढळला. राजाच्या चेहऱ्यावर तीन कमानींचा डोंगर आणि त्याच्या भोंवतीं राजा गौतमीपुत्र श्रीसातकर्णि याचें नांव. पाठीवर उज्जयिनी चिन्ह. नाणीं आटवून नवीं पाडण्याची खटपट गौतमीपुत्रानें केली नाहीं. शत्रूचें नाणें तसेंच ऐरणीवर ठेवून त्यानें त्यावर आपला शिक्का मारविला. घाव पुष्कळदां अर्धवट बसला. म्हणून डोंगराच्या कडेखालून कोठें नहपानाचें नाक दिसतें, कोठें हनुवटी, कोठें त्याच्या नांवाचीं दोन अक्षरें. बलश्रीच्या शब्दांना जमिनीनें पुष्टि दिली. आणखी एक गोष्ट पाहा. नहपान आणि गौतमीपुत्र यांच्यामध्यें आणखी कोणी क्षहरात राजा असता, तर त्याचें एखादें तरी नाणें या तेरा हजारांत यावयास हवें होतें. तें नाहीं. म्हणून गौतमीपुत्रानें नहपानाचाच किंवा त्याच्या अगदीं शेवटच्या काळांतील सत्तेचा पराभव केला, असें अनुमान बहुतेक पंडितांनीं काढलें.

येथें गोष्ट संपावयास हवी होती. पण येथूनच ती सुरू होते. ज्या एकतृतीयांश नाण्यांवर दुसरा ठसा नव्हता, त्यांवरील चेहरे स्कॉट साहेबांनीं रांगेनें मांडले, आणि ते बुचकळ्यांत पडले. नांव एकच, पण चेहरे अनेक! कोठें भरल्या गालांचा तरुण, कोठें सुरकुतलेला म्हातारा. कोणाचें नाक सरळ, कोणाचें बांकदार. कोणाची मान आंखूड, कोणाची लांब. केवळ वयाचा फरक असता तर समजूं शकलें असतें. पण चेहऱ्यांची ठेवणच भिन्न. स्कॉट यांनीं असा तर्क केला कीं, या कुळांतील अनेक पुरुषांनीं आपापले चेहरे नाण्यांवर कोरविले, परंतु नांव मात्र मूळपुरुषाचेंच, नहपानाचेंच, कायम ठेविलें.

तर्क आकर्षक आहे, पण त्याला एक मोठी अडचण आहे. ज्यानें स्वतःचा चेहरा टाकसाळींत कोरविला, त्यानें स्वतःचें नांव कां लपवावें? शिवाय या कुळांतील अशा दुसऱ्या राजांचीं नांवें कोणत्याहि लेखांत नाहींत. दुसरें मत असें कीं, कारागिरांनीं राजाला कधीं पाहिलेंच नव्हतें. भडोचच्या बंदरांत रोमन नाणीं येत. तीं पुढें ठेवून त्यांनीं डोकीं कोरलीं, म्हणून कारागीर बदलला कीं राजाचें नाक बदललें. कांहीं नाण्यांवरील ग्रीक अक्षरें स्वच्छ आहेत, तर कांहींवर तीं बिघडत जाऊन नुसत्या रेघा उरल्या आहेत. तेव्हां नकलेवरून नक्कल करणारे हात येथें होते, हें मत अगदींच निराधार नाहीं.

चेहऱ्यांचें हें कोडें दुसऱ्या एका कोड्यांत गुंतलेलें आहे, तें वर्षांचें. नाशिकच्या लेखांत ४१, ४२ आणि ४५ हीं वर्षें येतात. जुन्नर येथील अयम नांवाच्या अमात्याच्या लेखांत ४६ वें वर्ष असून तेथें नहपानाला महाक्षत्रप म्हटलें आहे. हीं वर्षें कोणत्या गणनेचीं? पंडित भगवानलाल आणि पुढें रॅप्सन यांनीं तीं इ. स. ७८ पासूनच्या शक संवताचीं मानलीं. तसें धरलें तर ४६ वें वर्ष म्हणजे इ. स. १२४. आपण पंचांगांत आजहि मोजतों तोच हा शक. पण हीं वर्षें नहपानाच्या स्वतःच्या राज्यारोहणापासून मोजलेलीं असलीं, तर त्यानें निदान ४६ वर्षें राज्य केलें, आणि त्याचा काळ पहिल्या शतकांतहि जाऊं शकतो. दोन मतांत जवळजवळ अर्ध्या शतकाचें अंतर पडतें, आणि तेवढ्यानेंच सबंध सातवाहन वंशावळ पुढें किंवा मागें सरकते.

या वादांत दूरदेशींचा एक साक्षीदार आहे. पहिल्या शतकाच्या मध्याच्या सुमारास मिसर देशांतील ग्रीक बोलणाऱ्या एका अनामिक व्यापाऱ्यानें तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानपर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेविली. तिला पेरिप्लस म्हणतात. भडोचकडील प्रदेशाच्या राजाचें नांव तो नंबनस किंवा मंबनस असें देतो. कल्याणकडे जाणारीं ग्रीक जहाजें पहाऱ्यांत भडोचला नेलीं जातात, असेंहि तो सांगतो. म्हणजे घाटावर दोन राजांची जी झुंज चालली होती, ती समुद्रावरहि व्यापारासाठीं चालू होती. हा नंबनस आपला नहपानच असेल, तर शक संवताचें मत लंगडें पडतें. कच्छांतील आंधौ येथें सांपडलेल्या एका लेखांत दुसरा क्षत्रप चष्टन हा शकाच्या ११ व्या वर्षींच राज्य करतांना दिसतो. मग एकतर दोन क्षत्रप घराणीं शेजारीं शेजारीं नांदत होतीं, किंवा नहपान चष्टनाच्या पूर्वींचा. आज बरेच संशोधक दुसऱ्या पक्षाकडे झुकले आहेत. आणि एकच राजा ४६ वर्षें गादीवर होता असें धरलें, तर निदान तरुणाचा म्हातारा कसा झाला, एवढें तरी नाण्यांवरून समजतें. नाक कां बदललें, हें मात्र समजत नाहीं.

येथें एक दंतकथाहि डोकावते, आणि ती मोठी मनोरंजक आहे. आवश्यकसूत्राच्या जैन टीकावाङ्मयांत भरुकच्छच्या नहवाहन राजाची गोष्ट येते. नहवाहनाचा खजिना समृद्ध, तर सातवाहनाचें सैन्य प्रबळ. शत्रूचीं मुंडकीं आणणाऱ्यास नहवाहन सढळ हातानें बक्षीस देई, त्यामुळें सातवाहनाला हार खावी लागे. तेव्हां सातवाहनानें आपल्या एका अमात्याला हांकून दिल्याचें सोंग केलें. तो अमात्य नहवाहनाच्या दरबारीं शिरला, त्याचा विश्वास संपादून मंत्री झाला, आणि त्यानें राजाला पुण्यकर्माचा उपदेश सुरू केला: देवळें बांधा, तळीं खोदा, दानें द्या. खजिना रिता झाला, बक्षिसें थांबलीं, आणि सातवाहनानें भरुकच्छ घेतलें.

ही कथा वाचली कीं उषवदाताची ती लांबलचक यादी डोळ्यांपुढें उभी राहते: तीन लक्ष गाई, सोळा गांवें, धर्मशाळा, नावा! हीच ती फसवणूक असेल काय? मोह मोठा आहे. पण तो आवरला पाहिजे. कथा घटनेनंतर कित्येक शतकांनीं लिहिलेली. पराभवाचें कारण फितुरींत शोधणें ही सर्व काळच्या कथाकारांची आवड. आणि ज्यानें तीन हजार कार्षापणांचें व्याज कपड्यांच्या जोडीपर्यंत बरोबर जुळविलें, तो माणूस कोणाच्या सांगण्यावरून घर धुऊन देणारा दिसत नाहीं. तरी पण कथेंत एक कण खरा असावा. त्या दोघांचें वैर आणि नहपानाची संपत्ति या दोन गोष्टी लोकस्मृतीनें राखल्या. नहवाहन किंवा नरवाहन यानें चाळीसएक वर्षें राज्य केलें, अशी जी जैन परंपरा आहे, ती वर सांगितलेल्या दीर्घ राजवटीशीं जुळते. कल्पित रहस्यांतहि कधीं कधीं खऱ्याची चिल्लर सांपडते. मात्र तीहि नाण्यासारखीच वाजवून घ्यावी लागते.

आपण विचाराल, मग कोडें सुटलें कीं नाहीं? पूर्णपणें नाहीं. परंतु दोन कोड्यांतील फरक आपल्या ध्यानांत आला असेल. पांडवांच्या गोष्टींत नव्या पुराव्याला जागाच नाहीं. ती काल होती तशीच उद्यां राहील. नहपानाचें कोडें मात्र प्रत्येक नव्या लेखागणिक, प्रत्येक नव्या नाण्यागणिक थोडें थोडें आकुंचित होतें. शंभर वर्षांपूर्वीं जो वाद होता, तो आज तसाच नाहीं.

म्हणूनच शेवटीं एक व्यावहारिक गोष्ट सांगतों. जमिनींत सांपडलेल्या चांदीला दोन वाटा असतात: एक सरकारी दप्तराकडे, दुसरी सोनाराच्या मुशीकडे. अशा ठेव्याची वर्दी देण्याविषयींचा कायदा आपल्याकडे १८७८ पासून आहे. तरी मुशीची वाट नेहमींच जवळची वाटते. जोगलटेंभीचा सांठा मुशींत गेला असता, तर त्या चांदीचीं फार तर कांहीं घरांतील पैंजणें आणि गोट झाले असते, आणि गौतमी बलश्रीचे शब्द आजहि आपण एका मातेची अतिशयोक्ति म्हणून बाजूस ठेवले असते. आपल्यापैकीं अनेकांचीं मूळ घरें खेड्यांत आहेत. पाया खणतांना, विहीर उपसतांना, शेत नांगरतांना हिरवट पडलेलें मडकें लागलें, तर तें फोडण्यापूर्वीं जिल्ह्याच्या कचेरीला कळवावें, एवढीच माझी विनंति. नाणीं घांसून उजळूंहि नयेत. घांसण्यानें अक्षरें जातात, आणि अक्षरांवरच सारें अवलंबून असतें.

आणि पुन्हां पांडवलेण्यांवर जाणें झालें, तर मुलांना भीमाचे खांदे अवश्य दाखवावे. माझ्या आजीचा मला मुळींच राग नाहीं. मात्र तेथून तसेंच पुढें दहाव्या लेण्याच्या ओसरींत जावें आणि भिंतीवरील ओळी दाखवून सांगावें कीं, येथें गोवर्धनच्या कोष्ट्यांच्या व्याजाचा हिशेब लिहिला आहे. आणि ज्या राजाच्या जांवयानें तो लिहविला, त्या राजाचा खरा चेहरा कोणता, हें अजून कोणाला ठरवितां आलेलें नाहीं.